या आठवड्यात टीव्हीवर काय बघायचं? कॅलेंडर, पेन आणि सासूबाईंचा प्रश्न

आमच्याकडे कालनिर्णयवर दोनच गोष्टी लिहिल्या जातात. एक म्हणजे दूधवाल्याचे खाडे आणि दुसरं म्हणजे टीव्हीवर काय बघायचंय ते. रविवारी रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी पेन घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहते आणि पुढच्या आठवड्याच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहून टाकते, मंगळवारी हे, गुरुवारी ते, शनिवारी ते मोठं. नवरा म्हणतो शाळेचं टाइमटेबल लावतेयस का. हसू दे त्याला. हे सुरू करायच्या आधी आमचं रोज काय व्हायचं तर साडेनऊला सोफ्यावर बसायचं, रिमोट हातात घ्यायचा आणि काय बघू काय बघू करत पाऊण तास नुसते चॅनल आणि ॲप बदलायचे, आणि शेवटी दहादा बघितलेल्या पिक्चरचा शेवटचा अर्धा तास बघून जांभया देत उठायचं.

मैत्रिणी सारख्या विचारतात, अगं काहीतरी चांगलं सुचव ना. पण नुसती नावं सुचवली की ती दोन आठवड्यांत संपतात आणि परत फोन येतो. म्हणून या वेळी नावांपेक्षा मी निवडते कशी तेच सांगते. नावं येतीलच मधेमधे.

आधी वेळ मोजा

म्हणजे खरंच मोजा, बोटांवर. नोकरी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं हे सगळं वजा करून माझ्याकडे आठवड्याला सहा तास उरतात, त्यातला शनिवार-रविवारचा वाटा मोठा. तुमचे चार असतील नाहीतर दहा. आता हे बघा, रोजची सिरीयल अर्ध्या तासाची म्हणतात पण जाहिराती काढल्या तर वीस-बावीस मिनिटं हातात येतात, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे महिन्याला साधारण नऊ तास झाले. आणि त्यातलं आदल्या दिवशीचं 'मागील भागात' आणि दाराकडे तिघांचे तीन-तीनदा वळलेले चेहरे काढले तर किती उरतं ते तुम्हीच बघा. अणुभट्टीच्या अपघातावरची 'चेर्नोबिल' ही सिरीज अख्खी साडेपाच तासांत संपते, पाच एपिसोड. शेअर घोटाळ्यावरची 'स्कॅम १९९२' दहा एपिसोडची आहे, तीसुद्धा त्या नऊ तासांत बसते. मी सिरीयल बघणाऱ्यांना नावं ठेवत नाहीये हं, आमच्याच घरात आठ ते नऊ कोणी रिमोटला हात लावायची हिंमत करत नाही. पण हिशोब माहीत असावा.

जाहिरातींचंही गणित आहे. केबल टीव्हीच्या नियमात तासाला १२ मिनिटं धरलीयत, १० मिनिटं मालाच्या जाहिराती आणि २ मिनिटं चॅनलची स्वतःची टिमकी. म्हणजे जाहिराती नियमाइतक्या भरल्या तर चॅनलवरचा 'एक तासाचा' कार्यक्रम ४८ मिनिटांचा. कॅलेंडरवर मात्र तास लिहायचा कारण उठून पाणी पिणं, गॅस बंद केला का बघणं हे सगळं त्यातच येतं.

सासूबाईंचा प्रश्न

आता मुद्द्याचं. एका रविवारी दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६, पेपर पसरून गवार निवडत बसल्या होत्या आणि टीव्हीवर बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ २' या निसर्गमालिकेतला तो इग्वानाचा, म्हणजे घोरपडीसारख्या सरड्याचा, भाग लागला. ज्यांनी बघितलाय त्यांना नुसतं सांगितलं तरी कळेल. गालापागोस बेटं, काळा खडकाळ किनारा, वाळूतून नुकतंच अंड्यातलं पिल्लू डोकं वर काढतं आणि खडकांच्या फटीफटीतून सापच साप बाहेर येतात. पिल्लू पळतंय, साप मागे, एकदा तर वेटोळ्यात सापडतंसुद्धा. आईंच्या हातातली शेंग हातातच. "पळ रे बाळा, पळ पळ," चक्क ओरडल्या. पिल्लू सुटलं, कड्यावर चढलं. आईंनी मोठा श्वास सोडला, शेंग मोडली, आणि मला म्हणाल्या, "अगं पण तो कॅमेरावाला कुठे उभा होता? एवढ्या सापांत?"

मी म्हटलं बघून सांगते. बघितलं तर काय, एकाच पिल्लाची वाटणारी ती पळापळ वेगवेगळ्या पिल्लांचे शॉट जोडून केलेली होती, हे करणाऱ्यांनी नंतर स्वतःच सांगितलंय. आणि निसर्गाच्या फिल्ममध्ये ते बारीकसारीक आवाज, पाय आपटल्याचे, वाळू सरकल्याचे, ते बरेचसे नंतर स्टुडिओत बसून तयार करतात. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गोधडीसारखं जोडलंय. पण साप खरे ना?" खरे. "मग चालेल."

तेव्हापासून मी प्रत्येक डॉक्युमेंटरीला हे दोन प्रश्न विचारते, कॅमेरावाला कुठे उभा होता आणि साप खरे का. पहिल्या दहा मिनिटांत यांची उत्तरं मिळाली नाहीत तर मी पुढे बघत नाही.

कारण साप खोटे असल्याची उदाहरणं कमी नाहीत. १९५८ ची डिस्नेची 'व्हाइट विल्डरनेस' घ्या, लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या टाकून जीव देतात असं त्यात दाखवलं, तिला ऑस्करही मिळालं, आणि पुढे १९८० च्या दशकात कॅनडाच्या टीव्हीवाल्यांनी खोदून काढलं की ते प्राणी बाहेरून आणून कड्यावरून ढकलले होते. शूटिंग झालं कॅनडातल्या अल्बर्टामध्ये, आणि त्या अल्बर्टाला समुद्रच नाही! तरी आजही 'लेमिंगसारखी माणसं' असं लोक बिनदिक्कत लिहितात. मग २०१२ मध्ये ॲनिमल प्लॅनेटवर जलपऱ्यांवरचा कार्यक्रम आला, त्यात शास्त्रज्ञ म्हणून बोलणारी माणसं नट होती, आणि शेवटी अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याला जलपऱ्या असल्याचा काही पुरावा नाही असं जाहीर करावं लागलं. खात्याचा वेळ कशात गेला बघा.

याच्या मधलंही एक असतं. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये बर्फातल्या गुहेतली अस्वलाची पिल्लं दाखवली होती ती नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातली निघाली, त्यावर ब्रिटनमध्ये बरीच बोंबाबोंब झाली. माझं मत विचाराल तर खऱ्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर आई पिल्लांना टाकून गेली असती, त्यामुळे केलं ते बरोबर, फक्त तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नवऱ्याचं मत वेगळं आहे, त्याच्या मते ही सरळ फसवणूक. आमचं यावर जेवताना भांडण झालंय.

आता पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय बघायचं. मी एक मिनिट आवाज पूर्ण बंद करते. म्युझिक गेल्यावरही पडद्यावर काहीतरी घडताना दिसत असेल तर फिल्ममध्ये दम आहे. नुसतेच ड्रोनचे शॉट, धुकं, आणि काळ्या पार्श्वभूमीवर चालणारा पाठमोरा माणूस दिसत असेल तर त्या ढोलकीशिवाय तिथे काही नाही. मग आवाज चालू करून निवेदक ऐकायचा. प्रश्नचिन्हात बोलणारा निवेदक आला की मी ताबडतोब चॅनल बदलते. "हे परग्रहावरून आलेल्यांनी तर बांधलं नसेल?" "या दरवाजामागे लपलंय का हजारो वर्षांचं रहस्य?" अरे तू सांग ना, तासभर मी तुझ्यासमोर बसलेय. तिसरं, बोलणाऱ्या माणसाच्या नावाची खालची पट्टी वाचायची. नाव, हुद्दा, संस्था लिहिलंय तर ठीक, नुसतं 'इतिहास अभ्यासक' किंवा 'तज्ज्ञ' लिहिलंय तर तो कोण, कुठला, कशातला तज्ज्ञ हे समजायला मार्ग नाही. आणि ब्रेकनंतर ब्रेकच्या आधीचं सगळं परत दाखवत असतील, आणि दर ब्रेकला तेच, तर समजायचं ऐवज वीस मिनिटांचा होता आणि तासाच्या डब्यात भरलाय.

नट घेऊन जुना प्रसंग उभा केला असेल तर त्याला माझी हरकत नाही, कोपऱ्यात 'नाट्यरूपांतर' लिहिलं असलं म्हणजे झालं. महाराजांच्या काळात कॅमेरा नव्हता हे सगळ्यांनाच माहितीये.

चांगलं ओळखायची एक सोपी खूण सांगते. करणाऱ्याने किती दिवस घालवलेत ते बघायचं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये पिक्चर काढायला पैसे हवेत म्हणून सावकाराला पटवायला काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली, आणि मग पडद्यावर मिनिटाभरात कोंब फुटून वेल वर चढताना दाखवला. माझ्या दृष्टीने चांगली डॉक्युमेंटरी म्हणजे तेच, कोणीतरी कुंडीपाशी महिनाभर बसलं म्हणून आपल्याला मिनिटात दिसतं. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) बघा, १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून आनंद पटवर्धन कॅमेरा घेऊन चौदा वर्षं मागे लागले. तीन तासांची आहे, मी दोन रात्रींत वाटून बघितली आणि दुसऱ्या रात्री झोप लागली नाही. 'द एलिफंट व्हिस्परर्स' उलट चाळीस मिनिटांची, तामिळनाडूतल्या मुदुमलैच्या हत्ती-कॅम्पमधले बोम्मन आणि बेल्ली आणि त्यांनी वाढवलेलं रघू नावाचं पिल्लू, पण त्या चाळीस मिनिटांमागे कार्तिकी गोन्साल्विसची पाचेक वर्षं आहेत. २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं म्हणून लोकांनी बघितली, पण त्यातला अंघोळीचा सीन बघा, तिथे कॅमेरा असल्याचं त्या हत्तीला काही वाटतच नाहीये. इतके दिवस राहिल्याशिवाय हे जमत नाही.

आपल्याकडचं अजून हवं असेल तर 'साचा' नावाची पाऊण तासाची फिल्म शोधा, २००१ ची, अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांची, कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन या दोघांच्या नजरेतून गिरणगाव दिसतं त्यात. आणि 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६), जत्रांमध्ये तंबू ठोकून पिक्चर दाखवणाऱ्या आपल्या टुरिंग टॉकीजवरची, कान महोत्सवात कौतुक झालं होतं तिचं. ज्यांनी लहानपणी जत्रेत वाळूत बसून पिक्चर बघितलाय त्यांनी रुमाल घेऊन बसा.

शोधायचं कुठे

सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर 'गाईड' नावाचं बटण असतं, त्याला बहुतेकांनी जन्मात हात लावलेला नसतो. पुढच्या काही दिवसांचं सगळं त्यात दिसतं. रविवारी वीस मिनिटं घालवून फक्त चार-पाच चॅनल चाळायचे, इन्फोटेनमेंटचे दोन, सह्याद्री, डीडी भारती, आणि एखादा इंग्लिश. हे डीडी भारती बऱ्याच जणांना माहीतच नसतं, २००२ पासून आहे, शास्त्रीय संगीत, नाटक, जुन्या फिल्म असलं काय काय लागतं. दूरदर्शनचे चॅनल प्रत्येक केबल-डीटीएचवाल्याला दाखवावेच लागतात, त्यामुळे तुमच्या पॅकमध्ये ते आहेतच, फक्त कुठल्यातरी न फिरकणाऱ्या नंबरवर असतात. नंबर शोधून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. ज्यांच्याकडे डीडी फ्री डिश आहे त्यांना तर महिन्याचा रिचार्जही नाही.

चांगलं ते बरेचदा आडवेळेला लागतं, पहाटे नाहीतर भर दुपारी. कारण सरळ आहे, रात्री आठ ते दहा हा वेळ टीआरपीच्या आकड्यांचा, तिथे ज्याला प्रेक्षक जास्त तेच लागणार. म्हणून रिमाइंडर नाहीतर रेकॉर्डिंग लावायचं. इथे एक अनुभवाची गोष्ट. मी एकदा एका चॅनलवरची फिल्म रेकॉर्डला लावून लग्नाला गेले, आधीची मॅच लांबली, फिल्म उशिरा सुरू झाली, आणि रेकॉर्डिंग मात्र ठरल्या वेळेला बंद! दीड तास बघून शेवटची बारा मिनिटं गायब. त्या बाईला तिचा मुलगा सापडला का नाही हे मला पुढे चार महिने माहीत नव्हतं. तेव्हापासून मी नेहमी पुढचा कार्यक्रमसुद्धा रेकॉर्डला लावते, मग त्यात भजन असो की तेलाची जाहिरात.

टीव्हीला नेट जोडलेलं असेल तर यूट्यूबवर प्रसार भारतीचं अर्काइव्ह आहे, आणि पीएसबीटी म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचं चॅनल आहे, तिथे दूरदर्शनसाठी केलेल्या शेकडो छोट्या डॉक्युमेंटरी फुकट पडल्यात. सगळ्याच चांगल्या नाहीत, काही तर सरकारी पत्रकासारख्या आहेत, पण दहात तीन मस्त निघतात आणि अर्ध्या तासाच्या असल्यामुळे मंगळवारसारख्या दमलेल्या दिवसाला बऱ्या पडतात. प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲपही २०२४ पासून सुरू झालंय. फिल्म्स डिव्हिजनचं जुनं कामही बघा, १९४८ ची संस्था, २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. आमच्या आईंच्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन म्हणजे पिक्चरच्या आधीचं ते पुराचं आणि धरणाचं, तेवढ्यात बाहेर जाऊन वडा खाऊन यायचं. पण त्यातच १९६७ ची 'आय ॲम ट्वेंटी' आहे, १९४७ साली जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा विशीतल्या मुलामुलींना देशाबद्दल काय वाटतं ते विचारत फिरलेत. सरकारी पैशातून एवढं मोकळं बोललेलं बघून माझ्या मुलाला धक्का बसला.

नाटक, मालिका, सिरीज

इथे माझा प्रश्न वेगळा. ही गोष्ट संपते का? आणि ती कधी संपणार हे लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत होतं का?

रोजच्या मालिकेचं असं आहे की आकडे येतात आठवड्याला, आणि आकडे चांगले आहेत तोवर गोष्ट संपवायची परवानगी कोणालाच नसते, ना लेखकाला ना नायिकेला. म्हणून मेलेला परत येतो, परत आलेल्याची स्मृती जाते. लेखक वाईट असतात असं अजिबात नाही, त्यांना दोर किती लांब आहे हेच सांगितलेलं नसतं. त्यामुळे मी कॅलेंडरवर फक्त ठरावीक भागांचंच लिहिते, चार, पाच, आठ, दहा. दुसरा सीझन आलाय असं दिसलं की आधी बघते पहिल्याला नीट शेवट आहे का. आणि दोन एपिसोड द्यायचे, दुसऱ्याच्या शेवटी पुढे काय याची हुरहुर नसेल तर सोडून द्यायचं, पैसे भरलेत म्हणून गिळायचं नाही.

खऱ्या घटनेवरचं असेल तर अजून एक काम करायचं, शेवटच्या एपिसोडनंतरच्या पाट्या वाचायच्या. आपल्याकडे पाट्या आल्या की लोक दिवा लावतात आणि उठतात. 'चेर्नोबिल'मधली ती शास्त्रज्ञ बाई, खोम्युक, अशी कोणी एक बाई नव्हतीच, तिथे काम केलेल्या अनेक शास्त्रज्ञांचं मिळून ते एक पात्र केलंय, आणि हे त्यांनी शेवटी स्वच्छ लिहिलंय. ते वाचलं नाहीत तर तुम्ही जन्मभर ती खरी समजून लोकांना सांगत बसाल. आपल्या 'रॉकेट बॉईज'मध्येही होमी भाभा आणि विक्रम साराभाई खरे, पण त्यांच्या समोरचा तो प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ मेहदी रझा रचलेला, त्यावरून तेव्हा वादही झाला. रचलेलं पात्र असणं हा गुन्हा नाही, पण आईंचा प्रश्न इथेही आहेच, साप खरे का.

'मानवत मर्डर्स' मी या हिशोबानेच बघितली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या मानवतला जे खून झाले, त्या तपासाची गोष्ट, तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावरून केलेली. आमच्या घरात त्या गावाच्या बाजूचे नातेवाईक आहेत, त्यांनी लहानपणी संध्याकाळी बाहेर न सोडल्याच्या गोष्टी सांगितलेल्या, म्हणून मला जास्त भिडली असेल. पोरं झोपल्यावर बघा मात्र.

आणि एक परदेशातली सांगते जी मला कोणत्याही सस्पेन्सपेक्षा जास्त लागली. 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस', ब्रिटनच्या आयटीव्हीवर जानेवारी २०२४ मध्ये आलेली, चारच भाग. तिथल्या पोस्टात 'होरायझन' नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवलं, ते चुकीची तूट दाखवायला लागलं, आणि खात्याने सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून गावोगावच्या पोस्टमास्तरांना चोर ठरवलं, नऊशेच्या वर लोकांना शिक्षा झाल्या. माझे वडील पोस्टात होते. संध्याकाळी कॅश जुळली नाही, दोन रुपये कमी आले तरी रात्री नऊपर्यंत कंदिलात बसून पानं उलटायचे आणि घरी आले की जेवायचे नाहीत. त्यामुळे त्या पहिल्या भागातली बाई एकटी काउंटरमागे बसून आकडा जुळवतेय आणि प्रत्येक वेळी तूट वाढतच जातेय, तेव्हा मी टीव्ही पॉज करून पाणी पिऊन आले. हे प्रकरण पेपरात वर्षानुवर्षं येत होतं, पण मालिका लागली आणि देश खवळला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या लोकांच्या शिक्षा रद्द करणारा कायदा झाला. चार भागांची मालिका!

आपली नाटकं टीव्हीवर बघायची असतील तर त्याला वेगळी सवय लागते. सह्याद्रीवर किंवा यूट्यूबवर जुनं नाटक लावलं की पहिली पाच मिनिटं आवाज घुमतो, रंग उडालेले असतात, आणि बोट स्किपकडे जातं. थांबा. पाचव्या मिनिटाला कान सरावतात. आणि दोन सेटिंग करा, एक म्हणजे जुनं चित्र चौकोनी असतं ते ताणून पडदाभर करू नका, ४:३ ठेवा, नाहीतर सगळे नट दोन चपात्या जास्त खाल्ल्यासारखे दिसतात. दुसरं, टीव्हीच्या पिक्चर मोडमध्ये 'व्हिव्हिड' असेल तर 'सिनेमा' करा आणि ते मोशन नावाचं जे काय असतं ते बंद करा, त्याने उत्तमातली उत्तम सिरीजसुद्धा सासू-सुनेच्या मालिकेसारखी गुळगुळीत दिसते. हे आमच्याकडे दोन वर्षांनी कळलं. नाटक बघताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, कारण नाटकात सगळं बोलण्यात असतं, एक वाक्य हुकलं की अंक हुकला.

एक टीव्ही, चार माणसं

हे सगळ्यात अवघड आणि याला उपाय फारसा नाही. आमचा तह असा आहे: आठ ते नऊ आईंचे, त्यात कोणी बोलायचं नाही आणि उपरोधाने हसायचंही नाही. मुलाला आठवड्यातली एक रात्र, तो जे लावेल ते सगळ्यांनी बघायचं, त्याच्यामुळेच आम्ही खुनाचा आरोप असलेल्या शाळकरी मुलावरची 'ॲडोलसन्स' बघितली, चार भाग आणि प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये, कट नाहीच. (त्यानेच सांगितलं, मला तर दुसऱ्या भागापर्यंत कळलंही नव्हतं.) त्यातला मुलगा तेरा वर्षांचा, आमचा पंधरा. बघून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग त्यानेच विचारलं चहा करू का. नवऱ्याला मॅच असेल तेव्हा मॅच. उरलेलं माझं. आणि जे एकत्र बघायचंय त्याला हिंदी किंवा इंग्लिश यावरून भांडण नको म्हणून रिमोटवरचं भाषेचं बटण दाबून बघा, बऱ्याच इन्फोटेनमेंट चॅनलवर आवाजाची भाषा बदलता येते.

तर या आठवड्याचं आमचं कालनिर्णय असं आहे. सोमवार रिकामा, सोमवारी मी कुठल्याच कामाची नसते. मंगळवारी पीएसबीटीची कुठली तरी अर्ध्या तासाची, भाकरी करता करता ऐकून निवडीन. बुधवारी 'भारत एक खोज'चे शिवाजी महाराजांवरचे भाग, १९८८ ची बेनेगलांची मालिका, ५३ भाग आहेत, आम्ही क्रमाने न बघता मुलाच्या धड्याप्रमाणे बघतो, नसीरुद्दीन शाह महाराज आणि ओम पुरी औरंगजेब, मुलाचा इतिहासाचा पेपरही जवळ आलाय. गुरुवारी मुलाची रात्र, देव जाणे काय. शुक्रवारी 'साचा', परत एकदा, कारण नवऱ्याने बघितली नाहीये आणि त्याचे आजोबा परळच्या गिरणीत होते.

शनिवारचा चौकोन मी मोकळा ठेवला होता. सकाळी दूध आत आणताना बघितलं तर खाड्याच्या फुलीशेजारी आईंच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'रात्री ९ बिबट्या'. विचारलं तर म्हणाल्या, त्या इग्वानावाल्यांनीच मुंबईतले बिबटे दाखवलेत ना, बोरिवलीच्या जंगलाकडचे, रात्रीच्या अंधारात, उष्णता दिसणाऱ्या कॅमेऱ्याने, शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी म्हटलं हो, त्याच मालिकेतला शहरांवरचा भाग आहे. "मग लाव. मला बघायचंय तो कॅमेरावाला त्या वेळी कुठे उभा होता."